बोट आधी की डोकं?

१ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एक स्टेशन वॅगन सांता फेच्या दिशेने परतत होती. गाडी चालवत होते छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स. बरोबर आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. दिवसभर हिंडूनही मनासारखं काही हाती लागलं नव्हतं. हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळ ॲडम्सची नजर रस्त्याच्या कडेला गेली आणि गाडी खड्ड्यात जाता जाता वाचली. लांब बर्फाच्या डोंगरांवर चंद्र वर आलेला, खाली छोटंसं चर्च, शेजारच्या कबरस्तानात पांढरे क्रूस आणि त्या क्रूसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. ते ऊन आता जातं की मग, अशी वेळ.

पुढे सगळी धावपळ. ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हचा अवजड कॅमेरा, ट्रायपॉड, लेन्स, फिल्टर, सगळं गाडीतून उपसून उभं केलं. चौकट जमली, फोकस झाला आणि लाइट मीटर सापडेना. मीटरशिवाय असा फोटो काढणं म्हणजे अंधारात दगड मारणं. पण ॲडम्सना चंद्राच्या पृष्ठभागाची तेजस्विता पाठ होती: दर चौरस फुटाला २५० कँडल. चंद्र छापात किती उजळ हवा हेही ठरलेलं होतं. त्या हिशेबाने मधल्या करड्या छटेसाठी आकडा येतो ६० च्या आसपास. फिल्मचा वेग ६४, त्याचं वर्गमूळ ८, म्हणून एफ/८ ला एक साठांश सेकंद. पिवळ्या फिल्टरसाठी तिप्पट वेळ. मग लेन्सचं तोंड एफ/३२ पर्यंत लहान केल्यावर होतो जवळपास एक सेकंद. हा सगळा हिशेब उभ्या उभ्या डोक्यात झाला. एक फोटो निघाला. सावधगिरी म्हणून दुसरा घ्यावा म्हणून त्यांनी फिल्मचा होल्डर उलटा केला, तोवर क्रूसांवरचं ऊन गेलेलं होतं.

‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक. आणि तो काढणारा माणूस म्हणजे सावकाशीचा आचार्य. फ्रेड आर्चरसोबत उजेड-अंधाराच्या छटा आधीच ठरवणारी ‘झोन सिस्टिम’ बसवणारा, बटण दाबण्याआधी अंतिम छाप मनात पुरता दिसला पाहिजे असं आयुष्यभर शिकवणारा. त्याच्या नावावरची सर्वांत गाजलेली चौकट मात्र घाईत, मीटरविना, एकुलती एक. घाईत त्या फोटोची तारीखही लिहून ठेवायची राहिली. छापांवर वेगवेगळी सालं पडत गेली. शेवटी १९९१ मध्ये डेनिस डी चिको या खगोलअभ्यासकाने चंद्राच्या जागेवरून गणित मांडून दिवस आणि वेळ नक्की केली: १ नोव्हेंबर, संध्याकाळचे ४ वाजून ४९ मिनिटं.

आता दुसरं टोक पाहू. छायाचित्रणात ‘सहज’ हा शब्द उच्चारला की आंरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव येतं. हातात छोटा लायका, ५० मिलिमीटरची लेन्स, डोळा-बुद्धी-काळीज एका रेषेत आलं की झालं, असं सांगणारा हा फ्रेंच माणूस. १९५२ च्या त्याच्या पुस्तकाला मातिसने मुखपृष्ठ करून दिलं. ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना तिथून जगभर गेली आणि आपल्याकडच्या प्रत्येक फोटो क्लबच्या भिंतीवर येऊन बसली. तो क्षण म्हणजे विजेसारखा येतो आणि ज्याच्या अंगी उपजत देणगी आहे त्यालाच गवसतो, असा समज त्या भिंतीबरोबरच आला.

प्रत्यक्षात काय होतं? १९३२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला इएर गावात काढलेला त्याचा एक फोटो आहे. वरून दिसणारा वळसेदार जिना, त्याचा कठडा आणि खालच्या रस्त्यावरून सुळकन जाणारा सायकलवाला. सायकलवाला एका क्षणाचा पाहुणा, पण जिना कुठे पळून जात नव्हता. ती जागा आधी हेरायची आणि मग तिथे कोणीतरी येईल म्हणून थांबायचं, ही कार्तिए-ब्रेसाँची नेहमीची रीत. शिकाऱ्याने पाणवठा धरावा तशी. शिवाय कॅमेरा धरण्याआधी तो आंद्रे ल्होत या चित्रकाराकडे भूमितीचे धडे गिरवून आला होता. चौकटीचे तोल, रेषांची भांडणं हे सगळं डोळ्यात आधीच मुरलेलं.

त्याच वर्षीचा, पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागचा, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो तर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पायाची टाच पाण्याला टेकायला केसाएवढं अंतर. हा फोटो कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून घेतला आहे. लेन्स कशीबशी फटीत बसली. व्ह्यूफाइंडरमधून कार्तिए-ब्रेसाँला ती उडी दिसलीच नव्हती. डावीकडे फळी आली म्हणून तेवढा भाग नंतर कापून टाकावा लागला, आणि हा गृहस्थ चौकट कापण्याच्या कट्टर विरोधात! म्हणजे विचारी ॲडम्सचा सर्वांत मोठा फोटो धावतपळत निघाला आणि सहजवाल्या कार्तिए-ब्रेसाँचा सर्वांत मोठा फोटो न बघता निघाला आणि नंतर विचारपूर्वक कापला गेला.

मग वाद कशाचा आहे? माझ्या मते या वादात सहजतेला फार निरागस ठरवलं गेलंय. बोट आपोआप दाबलं जातं तेव्हा ते आठवणीने दाबलं जातं. ॲडम्सच्या बोटात शेकडो चंद्र आणि मीटरचे आकडे होते, कार्तिए-ब्रेसाँच्या बोटात ल्होतची भूमिती होती. म्हणून विचारण्यासारखा प्रश्न एकच: आपल्या बोटात कोणाची आठवण आहे? आपली, की दुसऱ्याची?

हे नुसतं माझं मत नाही, त्यामागे थोडं शास्त्रही आहे. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर प्रयोग केले. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला की मुरलेला खेळाडू बहुतेक मोहरी जागच्या जागी मांडून दाखवतो, नवशिक्याला चारपाच जमतात. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून दाखवली की उस्तादाची आघाडी जवळपास संपते. त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती, त्याला ओळखीच्या रचना ओळखू येत होत्या. पुढे २००९ मध्ये डॅनियल कानमान आणि गॅरी क्लाइन या दोन विरुद्ध बाजूंच्या मानसशास्त्रज्ञांनी एकत्र लेख लिहिला. अंतःप्रेरणेवर कधी भरवसा ठेवावा? त्यांनी दोन अटी घातल्या. एक, त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा. दोन, आपला अंदाज चुकला की बरोबर आला हे वारंवार कळायला हवं. या दोन अटी कॅमेऱ्याला लावून पाहा, पुष्कळ गोष्टी उलगडतात.

शरीराची मर्यादाही आहेच. डोळ्याला दिसलं, मेंदूला उमगलं आणि बोट हललं, यात साधारण एक पंचमांश सेकंद जातो. तेवढ्यात क्रिकेटचा चेंडू बॅटला लागून निघून गेलेला असतो. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात तर बटण दाबताच आतला आरसा वर उचलला जाई आणि क्षणभर समोर अंधार होई. त्यामुळे वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांत एक गोष्ट पक्की मानली जायची: व्ह्यूफाइंडरमधून हवा तो क्षण दिसला तर समजावं, तो फिल्मवर नाही. फोटो काढणारा नेहमी पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो, आणि अंदाज बांधायला आधी तसं काही पाहिलेलं असावं लागतं.

लग्नातला फोटोग्राफर घ्या. त्याला तर क्षणाची आगाऊ वर्दी मिळते. मंगलाष्टकं चालू आहेत, शेवटचं ‘सावधान’ होणार, अक्षता उडणार, आंतरपाट खाली जाणार, हार पडणार. अनुभवी फोटोग्राफर शेवटच्या कडव्याला मामाच्या कोपराआड न येता नेमकी जागा धरून उभा असतो. नवखा अक्षता टाकत असतो. आणि एवढं करूनही फ्लॅश चुकला, कोणाचं डोकं मध्ये आलं, की खुशाल सांगतात, ‘हार पुन्हा घाला बरं एकदा!’ वधूवर निमूटपणे पुन्हा घालतात. अल्बममध्ये तोच दुसरा हार असतो आणि चाळीस वर्षांनी नातवंडांना तोच खरा वाटतो. हसण्यासारखं काही नाही. पॅरिसच्या टाउन हॉलसमोरचं ते जगप्रसिद्ध चुंबन, फ्रेंच छायाचित्रकार रोबेर द्वानोने १९५० मध्ये टिपलेलं, तेही असंच. त्या फोटोची पोस्टरं घराघरांत लागली. मग फोटोतलं जोडपं आपणच म्हणून लोक पुढे आले, प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९९० च्या दशकात द्वानोला सांगावं लागलं की ती दोघं नाट्यशिक्षण घेणारी मुलं होती आणि आपणच त्यांना तसं करायला सांगितलं होतं.

आपल्या मुंबईत हा वाद सुरुवातीला असूच शकत नव्हता. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले हौशी छायाचित्रकार. त्या काळी ओल्या कलोडियनची पद्धत नुकतीच आली होती. काचेवर रसायन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, धुऊन काढायची. समोरच्या माणसाने कित्येक सेकंद हलायचं नाही. त्यात कुठला क्षण आणि कुठली सहजता! १९२५ मध्ये लायका बाजारात आला, छत्तीस फोटोंचा रोल खिशात मावू लागला, तेव्हा कुठे बोट आणि डोकं यांच्यात भांडण लागलं.

तरी मोठे अवजड कॅमेरे पुढची कित्येक वर्षं टिकून होते, आणि त्यांच्या गोष्टी जास्त बोलक्या आहेत. १९४६ मध्ये छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी गांधीजींचा चरख्यासोबत फोटो काढायला पुण्यात आल्या. त्यांना सांगण्यात आलं, आधी तुम्ही सूत कातायला शिका. जगभर विमानांतून, रणभूमीवरून फिरलेली ही बाई चरख्यापुढे बसली. मग आत प्रवेश. खोलीत उजेड कमी आणि फ्लॅशचे बल्ब वापरायची परवानगी तीनच. पहिले दोन वाया गेले. तिसऱ्याने आपल्याला तो फोटो दिला, चरखा पुढे आणि गांधीजी मागे वाचत बसलेले. सूत कातायला लावणाऱ्यांनी विनोद केला असेल किंवा परीक्षा घेतली असेल, पण चरखा चौकटीत एवढा मोठा, एवढा पुढे का आला याचं उत्तर मला त्या शिकवणीत दिसतं.

दोन वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ ला, कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीत गांधीजींना भेटून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात त्यांच्या हत्येची बातमी आली. बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून नेहरू जमावाला सांगताहेत, हा त्याचा फोटो तांत्रिकदृष्ट्या फसलेला म्हणावा असा आहे: अंधार, दिव्याचा फाकलेला उजेड, हललेल्या कडा. स्पर्धेत पाठवला तर परीक्षक बाद करतील. आणि होमाई व्यारावाला? मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या संध्याकाळच्या प्रार्थनासभेला जायला त्या निघाल्या होत्या, पण पतीने परत बोलावलं म्हणून राहून गेलं. ती रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती. बोट आणि डोकं दोन्ही तयार असून भागत नाही, पाय तिथे लागतात.

पायांवरून अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग आठवते. मार्च १९३६. महिनाभर कॅलिफोर्नियात शेतमजुरांचे फोटो काढून ती पावसात एकटी घरी निघाली होती. वाटेत ‘वाटाणे तोडणाऱ्यांची छावणी’ अशी पाटी दिसली. थांबली नाही. पुरे झालं, भरपूर फोटो आहेत, असं मनाला समजावत वीस मैल पुढे गेली आणि मग काही न ठरवता गाडी वळवून परत आली. त्या छावणीत तिने एका बाईचे आणि मुलांचे मोजके फोटो घेतले. ते ओळीने पाहिले तर गंमत कळते. पहिला लांबून, तंबू दिसेल असा. मग पावलापावलाने जवळ. मुलं कमी होत जातात, सामान कमी होत जातं, आणि शेवटच्या चौकटीत आईचा चेहरा, गालावर हात, दोन्ही खांद्यांवर तोंड फिरवलेली मुलं. गाडी वळवली ती अंतःप्रेरणेने. पुढची प्रत्येक पायरी मात्र हिशेबाची. एवढंच काय, खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा खटकत होता, तो लँगने काही वर्षांनी निगेटिव्हवर पुसट करून घेतला.

पण त्या सगळ्यात एक गोष्ट राहिली. लँगने त्या बाईचं नाव विचारलं नाही. ‘मायग्रंट मदर’ हे नाव जगाने दिलं. ती फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन होती, चेरोकी वंशाची, हे कळायला १९७८ साल उजाडावं लागलं, आणि तेव्हा तिने सांगितलं की या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही. उत्स्फूर्ततेचं गुणगान करणाऱ्या लेखांत हा भाग सहसा येत नाही. समोरच्याचं नाव विचारायला वेळ लागतो. तो वेळ नसतो असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो द्यायचा नसतो.

आता आपल्या वारीकडे येऊ, कारण दुसऱ्याची आठवण बोटात कशी शिरते ते पाहायला याहून चांगली जागा नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते त्या दिवशी दिवेघाटातल्या वरच्या वळणांवर कॅमेऱ्यांची रांग लागलेली असते. सगळ्यांना एकच फोटो हवा असतो: नागमोडी रस्ता आणि त्यावर माणसांची नदी. पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, मग गोल रिंगणं. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण. अश्व दौडायला लागले की कडेला पोटावर पडलेले, गुडघ्यांवर बसलेले, दुसऱ्याच्या खांद्यावरून लेन्स काढलेले लोक एकाच क्षणी एकच बटण दाबतात. प्रत्येकाला मनापासून वाटतं की आपण तो क्षण उत्स्फूर्तपणे पकडला. खरं तर तो त्यांनी गेल्या वर्षीच्या पेपरात, त्याआधीच्या कॅलेंडरवर, परवा मोबाईलवर पाहिलेला असतो. वारी म्हणजे हसरी म्हातारी, डोक्यावर तुळस, कपाळी बुक्का, मागे भगवी पताका. समोर लाखो माणसं असताना बोट तिथेच जातं.

अश्व पुढे गेल्यावर लोक धावतात आणि टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. कॅमेरे तोवर खाली गेलेले असतात, प्रत्येक जण मागच्या स्क्रीनवर अश्वाचे चारही पाय हवेत आले का ते पाहत असतो. मला त्या दोन मिनिटांतले फोटो पाहायला आवडतील. फारसे दिसत नाहीत.

कानमान-क्लाइन यांची दुसरी अट इथे आठवावी. अंतःप्रेरणा प्रतिसादावर पोसते. मग प्रतिसाद कोणाचा, हे महत्त्वाचं. पूर्वी वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला तो संपादकाच्या टेबलावर मिळायचा. रोल धुतला, काँटॅक्ट शीट पुढे ठेवली, की लाल पेन्सिलने एक चौकट गोल व्हायची आणि बाकीच्या पस्तीस गप्प बसायच्या. हौशी माणसाला स्टुडिओतून फोटो धुऊन येईपर्यंत आठवडा लागायचा, तोवर उत्साह ओसरलेला असायचा आणि चुका स्वच्छ दिसायच्या. आज प्रतिसाद दोन मिनिटांत येतो, हृदयाच्या आकाराचा, आणि तो बहुधा ओळखीच्या चित्राला येतो. वर्षभर अशा शिकवणीत राहिलेलं बोट पुढच्या आषाढात कुठे जाईल ते सांगायला ज्योतिषी नको.

अमेरिकन रस्त्यावरचा वेडापीर गॅरी विनोग्रँड याला हा धोका कळला होता असं वाटतं. तो इतक्या वेगाने फोटो काढायचा की १९८४ मध्ये गेला तेव्हा मागे सुमारे २,५०० रोल न धुतलेले निघाले, आणि धुतलेले पण काँटॅक्ट न काढलेले आणखी ६,५००. यातला काही भाग शेवटच्या काळातला बेलगामपणा होता, हे मान्य. पण हाती-पायी धड असतानाही तो रोल मुद्दाम वर्षभर बाजूला ठेवायचा. फोटो काढताना वाटलेला आनंद विसरून जावा, आणि समोर आलेलं चित्र चांगलं आहे म्हणून निवडावं, त्या दिवशी मजा आली म्हणून नव्हे, हा त्यामागचा विचार. बोट सैल सोडलं आणि डोकं एक वर्षानंतर कामाला लावलं. रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरून सुमारे २७-२८ हजार फोटो काढले. त्यातून ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात आले ८३. ते पुस्तक रस्त्यावर जेवढं घडलं त्याहून जास्त खोलीत घडलं, भिंतींवर छाप टाचत आणि काढत.

ॲडम्सचंही तसंच. हर्नांडेझची ती निगेटिव्ह मुळात अवघड होती, खालचा भाग फार फिका. १९४८ मध्ये त्यांनी तेवढाच भाग रसायनात धरून गडद करून घेतला. सुरुवातीच्या छापांत आकाशात ढगांचे पांढुरके पट्टे दिसतात. पुढच्या दशकांत ते आकाश काळं होत होत जवळजवळ ठार काळं झालं. मूळचे पियानोवादक असलेले ॲडम्स निगेटिव्हला स्वरलिपी आणि छापाला मैफल म्हणत. एका सेकंदाचा तो फोटो ते पुढे चाळीस वर्षं वाजवत होते.

आता तर बोटाची गरजही संपत आली आहे. अलीकडचे काही कॅमेरे बटण अर्धं दाबलं की चित्रं साठवू लागतात आणि पूर्ण दाबताच त्याच्या आधीचे क्षणही हातात देतात. खंड्या पाण्यातून वर आलेला दिसल्यावर बटण दाबा, त्याची बुडी आधीच टिपलेली असते. २०२३ मध्ये सोनीने सेकंदाला १२० फोटो काढणारा कॅमेरा जाहीर केला. मोबाईल तर ॲप उघडल्यापासूनच गुपचूप टिपत असतो. शरीराला लागणारा तो एक पंचमांश सेकंद यंत्राने विकत घेतला. जंगलात जाणाऱ्या काही जुन्या मंडळींना हे पटत नाही, याला ते शिकार न म्हणता जाळं टाकणं म्हणतात. मला त्यात वाईट वाटण्यासारखं फार दिसत नाही. ताडोबात वाघ कुठून रस्ता ओलांडेल, उजेड कुठे असेल, जिप्सी कुठे उभी करायची, हे अजून माणसालाच कळावं लागतं. मात्र १२० जवळपास सारख्या चित्रांतून एक उचलायचं आणि ११९ टाकून द्यायची हे काम बोटाचं नाही, आणि ते करायचा कंटाळा सर्वांना आहे. तेही काम आता सॉफ्टवेअर करू लागलं आहे: डोळे उघडे, चेहरा हसरा, फोकस नेमका, की निवड झाली. या निकषांवर बिर्ला हाउसच्या फाटकावरचे नेहरू पहिल्या फेरीतच बाद होतील.

म्हणून बोट आधी की डोकं, या वादात मी बोटाच्या बाजूचा आहे, एका अटीवर. बोटाला मोकळं सोडावं, पण त्याने आणलेल्या प्रत्येक फोटोला नंतर ‘हा तुझा की कॅलेंडरचा?’ असं विचारणारं कोणीतरी हवं, आणि ते काम मोबाईलकडे देऊ नये.

तुमच्या फोनमध्ये वर्षभराचे काही हजार फोटो नक्की असतील. या दिवाळीत फराळ झाल्यावर एक दुपार काढून ते पाहा. गेल्या आठवड्यातले सोडा, त्यांचा मोह अजून ताजा आहे. गेल्या उन्हाळ्यातले, पावसाळ्यातले काढा. आधी कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतील ते बाजूला करा, मग ते कितीही सुंदर असोत. उरलेल्यांतून डझनभर निवडा आणि कागदावर छापून घ्या. प्रत्येकाच्या मागे, त्यात जी माणसं आहेत त्यांची नावं लिहा. नाव ठाऊक नसेल, तर पुढच्या वेळी विचारून घ्या.